आत्या, मामा आणि मधे देव: पुण्याहून जेजुरी-सातारा-कोल्हापूर सहा दिवसांत कसं बसवायचं

मार्च संपत आला की आमच्या सोसायटीत दोनच विषय, टँकर कधी येणार आणि सुट्टीत कुठे जाणार. आमची दोन्ही पोरं सीबीएसईला, त्यामुळे परीक्षा मार्चच्या मध्याला संपते आणि एप्रिल उजाडला की परत नवीन वर्ग, नवीन दप्तर. मधे जे आठ-दहा दिवस मिळतात त्यात आम्ही पाहुणे आणि देव दोन्ही उरकतो. उरकतो हा शब्द मुद्दाम वापरला कारण तीन वर्षांपूर्वी खरंच तसंच केलं होतं. दोन दिवसांत नऊ देवळं. साताऱ्याच्या आत्याला सांगितलं होतं दुपारी एकला जेवायला पोचतो, आणि पोचलो संध्याकाळी साडेपाचला. तिने पुरणपोळीचा घाट घातला होता. काही बोलली नाही, फक्त "चहा टाकते" म्हणाली. तो चहा मला अजून आठवतो.

त्यानंतर आम्ही सिस्टीम बदलली. आता दिवसाला एकच मोठं ठिकाण आणि तेही सकाळी, जमलं तर संध्याकाळी एखादं छोटं, आणि दुपार पूर्ण पाहुण्यांची. चैत्रातलं ऊन बघता दुपारी देवळाच्या फरशीवर पाय ठेववत नाही, म्हणजे तसाही हा वेळ घरात पंख्याखालीच जायचा असतो.

आमची टीम: मी, नवरा, सहावीतला मुलगा, दुसरीतली मुलगी आणि सासूबाई, ज्यांचे गुडघे दुखतात पण देवळाचं नाव काढलं की दुखत नाहीत.

तारीख ठरवताना कॅलेंडर घेऊन बसा

ही पहिली पायरी आणि लोक हीच चुकवतात. प्रत्येक देवाचा एक वार असतो आणि त्या वारी तिथे लहान मुलं घेऊन जायचं म्हणजे दोन-तीन तास रांग. जेजुरीला रविवार आणि सोमवती अमावस्या टाळायची, कोल्हापूरच्या अंबाबाईला मंगळवार-शुक्रवार आणि वीकएंड, नरसोबाच्या वाडीला गुरुवार आणि पौर्णिमा. जोतिबाची मोठी यात्रा चैत्र पौर्णिमेला असते, लाखो लोक, सासनकाठ्या, सगळा डोंगर गुलालाने गुलाबी, बघण्यासारखं आहे पण सात वर्षांच्या पोरीला खांद्यावर घेऊन नाही. त्या चार-पाच दिवसांत तिकडे फिरकूच नका.

हे सगळं मांडून बघितलं तर पुण्यातून सोमवारी निघणं बरोबर बसतं. सोमवारी जेजुरी (सोमवती नाही ना एवढं बघायचं), मंगळवारी सज्जनगड, बुधवारी प्रवास, गुरुवारी अंबाबाई, शुक्रवारी खिद्रापूर आणि वाडी, शनिवारी परत, आणि रविवार कपडे धुवायला. स्टेट बोर्डवाल्यांची परीक्षा एप्रिलात संपते, त्यांनी हाच प्लॅन ठेवा, फक्त रोज अजून तासभर लवकर निघा.

फोन कसा करायचा

हसू नका, यात कला आहे. "येतोय, बघू कधी पोचतो" असं सांगितलं की समोरचं घर दिवसभर अडकून पडतं. आम्ही आता जेवणाच्या भाषेत सांगतो. "आत्या, सोमवारी दुपारचं आणि रात्रीचं तुझ्याकडे, मंगळवारी दुपारी प्रसाद गडावर घेणार आहोत, त्यामुळे दुपारी काही करू नकोस, बुधवारी फक्त चहा घेऊन निघणार." कोण तिखट खात नाही, कोणाला जमिनीवर झोपता येत नाही तेही तेव्हाच. आणि आत्यालाच विचारायचं, तू येतेस का आमच्याबरोबर? माझी आत्या सज्जनगडापासून पंधरा किलोमीटरवर राहते आणि सहा वर्षांत गडावर गेली नव्हती. आपण गेलो की ती स्वयंपाकघरात आणि आपण देवळात, असं होतं. तिला गाडीत घेतलं तर भेटही होते आणि दर्शनही. पाच सीटर गाडीत सहा माणसं कशी, तर नवरा आणि मुलगा आत्याच्या मुलाच्या बाइकवरून आले, मुलाला तर तेच हवं होतं.

नवऱ्याचे मामा कोल्हापूरला मंगळवार पेठेत. तिथे जेवणाचं गणित चालत नाही. "एवढ्या लांब आलाय, जेवून जावा की" हे वाक्य प्रत्येक घरात ऐकायला मिळणार, म्हणून कोल्हापुरात कोणाकडे फक्त भेटायला जायचं असेल तर दुपारी चारची वेळ घ्या, तेव्हा चहा-पोह्यांवर सुटका होऊ शकते. होईलच असं नाही.

बॅगेत काय

कपड्यांची यादी देत नाही, फक्त जे आम्ही विसरून पस्तावलो ते. प्रत्येकाचे जाड मोजे, कारण चप्पल बाहेर काढली की अंगणातली दगडी फरशी तव्यासारखी असते आणि मुलं तिथेच उड्या मारत रडायला लागतात. प्रत्येकाचा एक जुना ड्रेस, जो खराब झाला तरी चालेल, हा सोमवारी आणि गुरुवारी दोनदा लागतो, कारण पुढे सांगते. फोनसाठी झिपवाली प्लॅस्टिकची पिशवी. सुट्टे पैसे. फास्टॅगमध्ये बॅलन्स, हायवेला खेड शिवापूर, आणेवाडी, तासवडे, किणी असे चार टोल आहेत. पाहुण्यांसाठी बाकरवडी तर न्यायचीच, पण ती सगळेच नेतात, मामी म्हणाल्या की घरात आधीची दोन पाकिटं पडून आहेत, म्हणून आता आम्ही आंबा बर्फी किंवा घरची चिवडा-लाडूची डबी नेतो. ओटीसाठी नारळ आणि ब्लाउजपीस पुण्यातूनच घ्यायचे, देवळासमोर भाव बघून जीव जातो.

गाडी नसेल तर स्वारगेटवरून सातारा आणि कोल्हापूरच्या एसट्या दिवसभर आहेत, बायकांना अर्धं तिकीट आणि ७५ च्या पुढच्या ज्येष्ठांना फुकट, त्यामुळे खरं तर एसटी स्वस्तच पडते. फक्त आधारकार्ड बरोबर ठेवा. मात्र खिद्रापूरला लोकल गाडी करावी लागेल, तिकडे एसटीच्या भरवशावर मुलांना घेऊन जाऊ नका.

सोमवार: दिवे घाट, जेजुरी, सातारा

सकाळी सहाला घर सोडायचं. हायवेने नाही जायचं. हडपसर, दिवे घाट, सासवड, जेजुरी, मग नीरा, लोणंद आणि वाठारवरून सातारा. एकूण सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. हा लोणंदपर्यंतचा रस्ता म्हणजे माऊलींच्या पालखीचा रस्ता, आम्ही मुलांना घाटात सांगितलं की आषाढी वारीत लोक हा घाट चालत चढतात आणि पंढरपूरपर्यंत जातात, तर मुलगी म्हणाली मग आपण गाडीत का. उत्तर नव्हतं. सासवडला सोपानदेवांची समाधी आहे, लवकर पोचलात तर दहा मिनिटं थांबा, उशीर झाला असेल तर सोडा.

जेजुरीला साडेसात-आठपर्यंत पायऱ्या चढायला लागायचं. जुना ड्रेस इथे घालायचा. भंडारा म्हणजे हळद, आणि ती उधळतात म्हणजे नुसती कपाळाला नाही लावत, मागून कोणीतरी "येळकोट येळकोट" ओरडतं, आपण "जय मल्हार" म्हणायला तोंड उघडतो आणि तेवढ्यात मूठभर हळद तोंडात. माझ्या मुलीच्या पापण्यासुद्धा पिवळ्या झाल्या होत्या. दम्याचा त्रास असेल त्याला मास्क लावा आणि पायऱ्यांवर जपून, सांडलेल्या भंडाऱ्यावरून पाय सटकतो. सासूबाई दर दीपमाळेपाशी बसत बसत चढल्या, पाऊण तास लागला, पण चढल्या. मुलांना मजा वाटली ती नवीन लग्न झालेल्या जोडप्यांची. इथे नवरदेव बायकोला उचलून पाच पायऱ्या चढतो अशी पद्धत आहे, एका नवरदेवाची तिसऱ्या पायरीवरच दमछाक झाली आणि त्याची सगळी वरात मोजत होती.

कडेपठारचं खंडोबाचं जुनं देऊळ वेगळं, अजून उंचावर आहे, मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असताना ते आजच्या दिवसात बसत नाही. मोरगाव सतरा-अठरा किलोमीटरवर आहे आणि सगळे म्हणतात एवढ्या जवळ आलाय तर करूनच जा. हीच ती जागा जिथे आमचे नऊ देवळांचे हाल सुरू झाले होते. मोरगावचा मयूरेश्वर पुण्याहून एखाद्या रविवारी वेगळा करा, गणपतीसमोर नंदी बसलेला बघायला निवांत वेळ पाहिजे.

साडेदहाला जेजुरी सोडली की एकपर्यंत साताऱ्यात जेवायला. आत्याने दारातच तांब्या घेऊन सगळ्यांना हात-पाय धुवायला लावले, मोरी दुपारभर पिवळी होती.

संध्याकाळी ऊन उतरलं की संगम माहुली, गावापासून चार-पाच किलोमीटर. कृष्णा आणि वेण्णेचा संगम, विश्वेश्वराचं देऊळ, घाट, गर्दी नाही. मुलांना देवळापेक्षा जास्त आवडली ती शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी. त्याने महाराजांचा जीव वाचवला म्हणून त्याची समाधी बांधली असं सांगतात. मुलगा घरी येऊन अर्धा तास त्याच्यावरच बोलत होता.

मंगळवार: सज्जनगड

सातला निघा. गाडी बरीच वर जाते, पुढे पायऱ्या आहेत पण जेजुरीच्या मानाने सोप्या आणि गारवा असतो. जुनं नाव परळीचा किल्ला. १६७३ मध्ये शिवाजी महाराजांनी तो आदिलशाहीकडून घेतला, नंतर समर्थ रामदास इथे राहायला आले आणि १६८२ मध्ये इथेच त्यांनी देह ठेवला. वर रामाचं देऊळ आणि खाली समाधी अशी रचना आहे. शाळेत मनाचे श्लोक पाठ केलेल्या पोरांना इथे आणायला अर्थ आहे, मुलाने समाधीसमोर पहिले पाच श्लोक न अडखळता म्हटले आणि आत्याने त्याला तिथेच पन्नास रुपये दिले.

इथे घाई करू नका. उरमोडी धरणाचं पाणी खाली दिसतं, वारा असतो, म्हातारी माणसं निवांत बसतात. दुपारी प्रसादाचं जेवण पंगतीत, गव्हाची खीर असते, ती मुलं खातील का अशी मला शंका होती पण दोघांनी दोनदा घेतली. परत येताना ठोसेघरला जाऊया असं कोणीतरी म्हणेल. मार्च-एप्रिलमध्ये धबधब्याला पाणी नसतं, रस्ता आणि वेळ फुकट.

संध्याकाळी काही नाही. खरंच काही नाही. आत्याच्या शेजारी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं, आम्ही बायका तिकडे गेलो, कैरीची डाळ, पन्हं, ओले हरभरे. मुलीने पन्ह्याचे तीन ग्लास प्यायले. कंदी पेढे आजच घ्या, उद्या सकाळी दुकान उघडायची वाट बघायला लागते.

बुधवार: कोल्हापूरला जाताना एकच थांबा

सातारा ते कोल्हापूर सव्वाशे किलोमीटर, सरळ हायवे. मधे एकच थांबा घ्या. चाफळ किंवा कराड, दोन्ही नको. चाफळ उंब्रजवरून आत दहा-बारा किलोमीटर, समर्थांनी स्थापन केलेलं राममंदिर आणि अकरा मारुतींपैकी दोन तिथेच आहेत. कराडला प्रीतिसंगम, कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, तिथेच यशवंतराव चव्हाणांची समाधी आणि बाग. मुलं लहान असतील तर कराड, कारण झाडं आहेत, पळायला जागा आहे. बायकांच्या मताला किंमत असेल तर टॉयलेटसाठी हायवेवरचा मोठा फूडमॉल बघूनच थांबा, कडेचे ढाबे नको.

एका ठिकाणी पार्किंगवाल्याने शंभर रुपये मागितले. पावती मागितली तर चाळीस झाले. प्रत्येक ठिकाणी पावती मागा.

कोल्हापुरात दुपारी दोनला. पहिल्या दिवशी तांबडा-पांढरा होणारच, पण दुसऱ्या दिवशी पहाटे दर्शन असेल आणि घरात कोणी पाळत असेल तर मामींना आधीच सांगा. आमच्या सासूबाई ऐनवेळी म्हणाल्या मी आज खात नाही, उद्या अंबाबाई आहे, आणि मामींची परत झुणका करायची धावपळ. संध्याकाळी रंकाळा, भेळ.

गुरुवार: अंबाबाई पहाटे, जोतिबा संध्याकाळी

मामींचा सल्ला: चपला घरीच ठेवा. मंगळवार पेठेतून चालत दहा-पंधरा मिनिटं, पहाटे रस्ता गार असतो, आणि चप्पल स्टँडच्या रांगेचा प्रश्नच मिटतो. आम्ही पाचला निघालो, अनवाणी, मुलांना हे भलतंच थ्रिलिंग वाटलं. साडेसहापर्यंत दर्शन करून बाहेर.

आत धक्काबुक्कीत मूर्ती दोन सेकंद दिसते, म्हणून मुलांना आधीच सांगून ठेवा काय बघायचं. देवी पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून मावळतीची किरणं आत येतात, तोच किरणोत्सव, पण तो ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत, आत्ता दिसणार नाही, पुजाऱ्यांना विचारत बसू नका. देवीच्या हातात म्हाळुंग नावाचं फळ आहे, पण साडी-दागिन्यांत ते दिसेलच असं नाही. मग बाहेर येऊन देवळाला एक निवांत फेरी मारा, काळ्या दगडातल्या भिंतींवरच्या बायका, वादक, नर्तकी, आणि हे लोक बघतच नाहीत, सगळे लाडू घेऊन पळत असतात.

मग मिसळ. कुठली हे सांगत नाही, कोल्हापुरात यावरून घरात भांडणं होतात.

दुपार मामांकडे. चारनंतर जोतिबा, गावापासून वीसेक किलोमीटर, वाडी रत्नागिरीचा डोंगर. यात्रा नसेल तर संध्याकाळी छान असतं. सोमवारचा तोच पिवळा ड्रेस आता परत घाला, कारण इथे गुलाल. "जोतिबाच्या नावानं चांगभलं" म्हणत उधळतात, आणि पिवळ्यावर गुलाबी चढला की कपड्याचा रंग असा होतो की घरी आल्यावर सरळ पोछा करायचा. वर वाऱ्याला थंडी वाजते, मुलीला ओढणी गुंडाळली होती.

शुक्रवार: खिद्रापूर, मग वाडी

सगळ्या ट्रिपमध्ये एकच ठिकाण ठेवायचं असेल तर मी खिद्रापूर ठेवीन, आणि गंमत म्हणजे पुण्यात दहा जणांना विचारलं तर सात जणांनी बघितलेलं नसतं. कोल्हापूरपासून साठ-पासष्ट किलोमीटर, कुरुंदवाड आणि सैनिक टाकळीवरून. सहाला निघून आठ वाजता पोचा. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातलं शिलाहारकालीन देऊळ, बाराव्या शतकातलं, कृष्णेच्या काठी.

देवाचं नाव कोपेश्वर. दक्षाच्या यज्ञात सतीने देह टाकला म्हणून महादेव कोपले आणि विष्णूने त्यांची समजूत घातली, म्हणून आत शंकराबरोबर धोपेश्वर म्हणजे विष्णूही आहे. सती माहेरी नंदीवर बसून गेली म्हणून देवळासमोर नंदी नाही. मुलांना आत शिरण्याआधी एवढंच विचारा, इथे काय कमी आहे ते शोधा. आमच्या मुलीला पाच मिनिटांत सापडलं.

पण खरी जागा म्हणजे पुढचा स्वर्गमंडप. ४८ खांब आणि मधोमध छत नाही, गोल मोकळं आभाळ. त्याच्या बरोबर खाली तेवढ्याच मापाची गोल शिळा. आम्ही सकाळी गेलो तेव्हा कोणी नव्हतं, मुलगा त्या शिळेवर उताणा झोपला, मग मुलगी, मग नवरा, आणि शेवटी सासूबाई पण कडेला टेकल्या. खांबांच्या मधल्या रिंगणातून एक घार गोल गोल फिरताना दिसत होती. वीस मिनिटं कोणी मोबाइल काढला नाही, मी काढला तर मुलाने श्श केलं. नंतर बाहेरून फेरी मारा, देवळाचा सगळा भार हत्तींनी पाठीवर घेतल्यासारखा जोत्यावर हत्तींचा पट्टा आहे, बऱ्याच हत्तींच्या सोंडा तुटलेल्या आहेत. मुलांना मोजायला लावा, दोघांचा आकडा जुळत नाही आणि परत फेरी होते. पाणी आणि खाऊ बरोबर न्या, गावात फार काही मिळत नाही.

दहा-साडेदहाला निघून नरसोबाची वाडी. कृष्णा-पंचगंगेचा संगम, मूर्ती नाही, दत्ताच्या पादुका आहेत. नृसिंह सरस्वती इथे बारा वर्षं राहिले असं मानतात. पावसाळ्यात पुराचं पाणी देवळात शिरून पादुकांवरून जातं तो दक्षिणद्वार सोहळा, घाटावर उभं राहून मुलांना पाणी कुठपर्यंत चढतं ते दाखवा, त्यांचा विश्वास बसत नाही. उन्हाळ्यात घाटाच्या पायऱ्या भाजतात, मोजे इथे लागतात. बासुंदी इथेच बसून प्या, उन्हात पार्सल नेऊ नका. कवठाची बर्फी मात्र पुण्यापर्यंत टिकते. परतताना कोणी बाहुबलीला थांबूया म्हणेल, कुंभोजच्या डोंगराखाली २८ फुटी बाहुबलींची मूर्ती खरंच भव्य आहे, पण मुलं तोवर गाडीत झोपलेली असतात. आमची झोपलेली होती, नाही थांबलो.

शनिवार: परत, वाईवरून

कांदा-लसूण मसाला आणि गूळ मामी आदल्या रात्रीच बांधून देतात, नाही म्हणायचा प्रयत्न करू नका, डिकीत जागा ठेवा. सातला निघालं की साडेदहापर्यंत वाई. पाचवडवरून आत शिरायचं, शनिवारी महाबळेश्वरची गर्दी पुण्याकडून सुरूरवरून येते, ती चुकते. ढोल्या गणपती १७६२ मध्ये रास्त्यांनी बांधला, मागच्या बाजूची भिंत माशासारखी निमुळती, पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून. आधी गणपती बघून सगळे परत जातात, तुम्ही मागे जाऊन भिंत बघा.

मेणवली तीन किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, घाट, आणि छोट्या देवळात टांगलेली मोठी घंटा, तिच्यावर १७०७ साल आहे. वसईच्या मोहिमेनंतर चिमाजी अप्पांनी आणलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी ही एक. चर्चची घंटा महादेवाच्या देवळात कशी, हे मुलाने तीनदा विचारलं, नवऱ्याने वसईची सगळी लढाई खंबाटकीचा बोगदा संपेपर्यंत सांगितली.

एकूण सातशेच्या आसपास किलोमीटर झाले, आमची गाडी लिटरला पंधरा देते म्हणजे शेचाळीस-सत्तेचाळीस लिटर पेट्रोल. घरी आल्या आल्या आधी आत्याला, मग मामांना फोन, पोचलो म्हणून, मेसेज नाही, फोन.

आणि गाडी. सीटवर सोमवारचा भंडारा बसलेला असतो. ओलं फडकं अजिबात लावू नका, हळद कापडात पक्की बसते, मी पहिल्या वर्षी तेच केलं आणि मागची सीट दोन महिने पिवळी होती. आधी कोरडा ब्रश, मग व्हॅक्यूम, कव्हर काढता येत असेल तर साबणाने धुऊन दोन दिवस कडक उन्हात. डाग उन्हाने उडतो.